मुंग्या त्याच, वारुळं दोन

प्रश्न : डॉक्टर, मी नाशिकची, वय ५२. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. घरचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज दीडशेच्या आसपास पोळ्या मी एकटी लाटते. वर्षभर हातापायांना मुंग्या येताहेत. आधी पायांच्या बोटांना सुरू झाल्या, आता घोट्यापर्यंत आल्यात. गादीवर चालल्यासारखं वाटतं. परवा चप्पल वाटेतच पायातून निघाली, मागून कुणी हाक मारली तेव्हा कळलं. हातांचा त्रास रात्री. दोन-अडीचला जाग येते तेव्हा उजवा हात दगड झालेला असतो. खाटेखाली सोडून झटकला की पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो. डावाही तसाच, पण कमी. आंघोळीला डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की झोक जातो, भिंत धरते. मानेचा एमआरआय काढला. चकती थोडी बाहेर आलीय, मज्जारज्जूवर दाब नाही, असं लिहिलंय. मानेला पट्टा दिला, तो दोन महिने लावला, फरक शून्य. दुसरे डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका. मुलगा पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. त्याने मोबाईलवर वाचून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आणि जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) अशी मेंदू-नसांच्या आजारांची दोन नावं सांगितली, तेव्हापासून झोप उडालीय. सासूबाई म्हणतात वात आहे, तेल चोळ, शेक घे. आमच्या घरी माळ आहे, अंडंसुद्धा नाही. ॲसिडिटीसाठी तीन वर्षं रोज पॅन्टोप्रॅझोल घेते, मेडिकलमधूनच आणते. मला अर्धांगवायू होणार का? आणि दरवर्षी निवृत्तिनाथांच्या दिंडीत चालते, यंदा जाऊ का?

उत्तर : ताई, भीतीचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. अर्धांगवायू असा येत नाही. तो क्षणात येतो, आणि बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला येतो. वर्षभर दोन्ही पायांच्या बोटांपासून बोटबोट वर सरकत येणं ही त्याची चाल नव्हे. मधुमेह आहे म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल सांभाळायला हवंच, पण तुमच्या मुंग्या ही त्याची नांदी नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा आंघोळीच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. माझ्या लेखी सगळ्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. त्याकडे येतेच, पण आधी हात.

शिकत असताना आम्हाला मेंदूविकाराचे एक सर होते. रुग्ण ‘मुंग्या येतात’ म्हणाला की ते खिशातलं बॉलपेन काढून त्याच्याच हातात द्यायचे. म्हणायचे, ‘कुठे येतात तिथे अंगावर रेघ मारा.’ रुग्ण बिचकायचा, मग पोरासारखा अंगठ्याभोवती, पोटरीवर रेघा ओढायचा. अर्धं निदान त्या रेघांतच असायचं. आज तुम्हीही उशाशी एक पेन ठेवा. रात्री जाग आली की दिवा लावा आणि हात झटकायच्या आधी रेघ मारा.

माझा अंदाज असा, की ती रेघ अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू एवढ्यावरून फिरेल, आणि करंगळी कोरी राहील. पुष्कळ बायका सांगतात, ‘सगळाच हात जातो हो.’ मी म्हणते, करंगळीला चिमटा काढून बघा. मग म्हणतात, ‘अय्या, ही शाबूत आहे.’

इथे शब्दांचा थोडा घोळ निस्तरते. मराठीत आपण रक्ताच्या वाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्यालाही नसच म्हणतो. त्यामुळे मुंग्या आल्या की ‘रक्त पोचत नाही’ असा समज होतो, आणि चोळणं, शेकणं असं सगळं सुरू होतं. या उत्तरात नस म्हणजे संवेदनेची नस. मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तेव्हाही दबलेली ही नसच अडखळते, आणि दाब सुटला की ती जागी होताना बेशिस्त संदेश पाठवते. त्यालाच आपण मुंग्या म्हणतो.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली मनगटाची हाडं, वर जाड पट्ट्यासारखं अस्थिबंधन. त्यातून बोटं मिटवणारे नऊ दोर जातात, आणि त्यांच्या गर्दीत एकच मऊ नस असते, मीडियन नावाची. दोरांचं आवरण सुजलं की जागा कमी पडते, आणि चेंगरते ती ही मऊ नस. रात्रीच का? झोपेत मनगट नकळत दुमडलेलं राहतं, बोगदा आणखी आवळतो. हात खाली सोडून पाऱ्याच्या थर्मामीटरसारखा झटकला की बरं वाटतं, हे या दुखण्याचं इतकं ठळक लक्षण आहे, की निम्मं काम तुमच्या वाक्यानेच केलंय. याला कार्पल टनेल म्हणतात. मधुमेह असलेल्यांत, थायरॉईड मंदावलेल्यांत आणि गरोदरपणात ते जास्त दिसतं. त्यात तुमची रोजची कणीक आणि दीडशे पोळ्या. (मी घरी वीस लाटल्या की कुरकुरते, हे इथेच कबूल करते.)

एक साधी परीक्षा घरी करता येते. नमस्कार उलटा करा. तळवे नव्हे, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, कोपरं वर. साठ आकडे मोजा. त्याआधीच त्या साडेतीन बोटांत मुंग्या उठल्या तर संशय बळावतो. नाही उठल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, ही परीक्षा कधी कधी चुकते. आणि दोन्ही हात समोर धरून अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बघा. उजवीकडचा डावीपेक्षा बसलेला, सपाट दिसला तर वेळ काढू नका. तिथला स्नायू वाळायला लागला की मनगटाला नुसता पट्टा बांधून भागत नाही.

आता पाय. मधुमेहात सगळ्यांत आधी त्रास होतो तो सगळ्यांत लांब नसांना. पायाच्या अंगठ्याला जाणाऱ्या तंतूची पेशी कमरेच्या मणक्यापाशी बसलेली असते, आणि तिथून टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब तंतू जातो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी शेवटी मिळतं आणि टंचाईत आधी तुटतं, तुमच्या भागात हे सांगायला नको. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तंतूंचं पोषण असंच टेलपासून आटतं. म्हणून दोन्ही बाजूंना सारखं, बोटांपासून वर, मोजा चढवल्यासारखं.

आणि इथेच तुमच्या पत्रातली गाठ सुटते. ही पायांची तक्रार वर चढत साधारण गुडघ्याजवळ आली, म्हणजे मग हाताच्या बोटांच्या टोकांना लागण होते, कारण तोवर लांबी सारखी होते. तुमच्या मुंग्या घोट्यापर्यंतच आहेत. मग हातांना एवढ्यात का? त्यातही उजव्याला जास्त का, आणि रात्रीच का? कारण हातांचं दुखणं वेगळं आहे. वर्षभर सगळे एकच आजार शोधत बसले, आणि एकच आजार हातापायांना पुरेल तो मानेत किंवा मेंदूत असणार, म्हणून एमआरआय. इथे मुंग्या त्याच असल्या तरी वारुळं दोन आहेत. कदाचित तीन.

तिसरं म्हणजे आंघोळ. पाऊल जमिनीवर कसं टेकलंय, अंगठा वर आहे की खाली, ही खबर पायांतून मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने मेंदूकडे जाते. ती पोचेनाशी झाली की माणूस डोळ्यांनी सांभाळून घेतो. जमीन बघतो, भिंत बघतो, तोल राखतो. तांब्या डोक्यावर रिकामा करताना डोळे मिटले की हा आधारही जातो. अंधारात संडासाला उठताना किंवा बेसिनवर तोंड धुताना असंच होत असेल, आठवून पाहा. मधुमेहाची नस जास्त खराब झाल्यावरही असं होऊ शकतं, पण हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२चं. त्याची कमतरता नसांबरोबर मज्जारज्जूची ती मागची बाजूही पोखरते. आणि तुमच्याकडे त्याची तीनही कारणं हजर आहेत.

पहिलं कारण माळ. वनस्पतीत बी-१२ नसतं. शाकाहारी घरात ते येतं दूध, दही, ताक यांतूनच. दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्राम, पण पेलाभर दुधातून मिळतं एकच्या आसपास, आणि तुमचं दूध बहुधा चहातच संपत असेल. दुसरं मेटफॉर्मिन, जे वर्षानुवर्षं घेतलं की लहान आतड्यात बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. तिसरं पॅन्टोप्रॅझोल. अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ते आम्लच तुम्ही तीन वर्षं रोज सकाळी बंद करताय. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता गुपचूप वाढते. हे तुमच्या एकटीचं नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं, आणि खेड्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात जास्त. खाऊनपिऊन सुखी माणसांत!

रक्तात हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं असेल, असं धरू नका. फॉलिक ॲसिड भरपूर मिळालं तर रक्त सुधारतं आणि नस मात्र खराब होत राहते. आणि कृपा करून तपासणीच्या आधी शेजारणीच्या सांगण्यावरून ‘नसांची लाल गोळी’ सुरू करू नका. महिनाभर ती खाल्ली की रक्तातला आकडा फुगतो आणि खरी कमतरता लपते. शिवाय अशा पुष्कळ गोळ्यांत बी-६ भरपूर असतं, आणि बी-६चा अतिरेक बरेच महिने चालला तर त्यानेच नसा बिघडतात, मुंग्या येतात. औषधानेच रोग व्हायचा. बी-१२चा आकडा २०० पिकोग्रामच्या खाली आला तर कमतरता आहेच, प्रश्नच नाही. २०० ते ३०० मध्ये अडकला तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी द्रव्यं) यांची तपासणी निवाडा करते. मज्जारज्जूची लक्षणं असताना मी सुरुवातीला गोळ्यांवर विसंबणार नाही, इंजेक्शनंच देईन. किती आणि किती दिवसांनी ते तुमचे डॉक्टर ठरवतील. माळेचा प्रश्न मनात आला असेल, तर हे जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यात मांस-मासळी काही नाही. कॅप्सूलचं कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून इंजेक्शन नाहीतर गोळी मागा.

मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, ते चांगलं औषध आहे. पॅन्टोप्रॅझोल मात्र तीन वर्षं कुणाच्या सांगण्यावरून चाललंय, हे विचारायला हवं. औषध एकदा लिहून देतात पंधरा दिवसांचं, आणि पुढे मेडिकलवाला आणि आपण मिळून ते आयुष्यभराचं करतो.

मानेच्या एमआरआयबद्दल. पन्नाशीत मान न दुखणाऱ्या शंभर माणसांचे एमआरआय काढले तर कितीतरी जणांत चकती थोडी बाहेर आलेली दिसेल. केस पांढरे व्हावेत तसं ते. चित्रात सापडलं म्हणून तेच गुन्हेगार, असं नसतं. मानेतली नस दबली की कळ मानेतून खांद्यावरून हातात उतरते, मान वळवली की वाढते, आणि हात झटकून जात नाही. पट्ट्याने फरक पडला नाही याचं मला मुळीच नवल वाटत नाही. एक मात्र डॉक्टरांना मुद्दाम सांगा: हातोडीने गुडघ्याचे झटके बघा आणि तळपायाला रेघ ओढून अंगठा कुठे जातो ते बघा. मान असो की बी-१२, मज्जारज्जूला इजा झाली असेल तर तिथे कळतं, आणि याला एक पैसा लागत नाही. तुमच्या पत्रात कुणी पायाला हात लावल्याचा उल्लेख नाही, हे मला खुपलं.

मुलाच्या दोन नावांबद्दल त्याच्यावर रागावू नका. तो सिंहगड रस्त्याला राहतो. २०२५च्या जानेवारीत तिथे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची साथ आली, काही आठवड्यांत संशयित रुग्ण २००च्या वर गेले, दूषित पाण्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूवर संशय होता. त्याने शेजारी माणसं व्हेंटिलेटरवर गेल्याचं ऐकलं असेल. जीबीएसमध्येही पायांना मुंग्या येतात, पण पुढचं सगळं दिवसांत घडतं. जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी मुंग्या, मग जिना चढवेना, मग उठवेना. वर्षभर रेंगाळणारा तो आजार नव्हे. एमएस आपल्याकडे तुलनेने कमी, सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत, आणि तो झटक्यांनी येतो. काही आठवडे एक डोळा अंधुक, मग बरं, मग कधी एक पाय जड. तुमच्या नकाशात तो बसत नाही.

तर पुढच्या आठवड्यात काय करायचं? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी). आणि हातापायांची नर्व्ह कंडक्शन तपासणी. त्यात छोटे विजेचे झटके देऊन नसेचा वेग मोजतात, झोंबतं पण सोसवतं. मनगटाला रात्री सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून झोपायला आजपासून हरकत नाही, दुकानात ‘मनगट सरळ राहील असा’ म्हणून मागा, नुसता लवचीक पट्टा नको. सहा आठवडे बघा. नाही भागलं तर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात (त्यानंतर काही दिवस साखर चढते, मोजत राहा), आणि तेही पुरलं नाही तर बोगद्यावरचं ते जाड अस्थिबंधन कापून बोगदा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. तोवर कणीक मळायला मशीन घ्या किंवा मदतीला कुणी ठेवा. दीडशे पोळ्या आणि मनगट दोन्ही राखायचं तर एवढं करावंच लागेल.

बी-१२ सुरू केल्यावर आठवड्यात चमत्कार होईल अशी आशा धरू नका. नस महिन्यांच्या हिशेबाने सावरते. आणि पायांच्या मुंग्या कदाचित पूर्ण जाणार नाहीत, साखरेने जे गेलंय ते बरंचसं गेलेलंच असतं. पण तोल परत यायला हवा, आणि मला त्याचीच घाई आहे.

थांबू नये अशा गोष्टीही लिहून ठेवते, मुलालाही वाचायला द्या. अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोबडी वळणं. तिथे १०८ला फोन आणि सरळ मोठं रुग्णालय, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. मुंग्यांबरोबर ताकद दिवसागणिक कमी होणं. कंबर दुखून बैठकीची जागा बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-चार ओळी, कारण मुंग्यांची पत्रं बरीच येतात. घाबरून भराभर श्वास घेतला की ओठांभोवती आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात, कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने. मांडीची बाहेरची बाजूच चुणचुणत असेल तर आधी परकराची नाडी नाहीतर जीन्सचा पट्टा सैल करा, तिथली नस कमरेच्या हाडापाशी दबते. टीबीच्या गोळ्या सुरू असताना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, त्यावर बी-६ आहे. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर लाजू नका. कुष्ठरोग संपलेला नाही, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर हातपाय वाचतात. आणि ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग हे मनाचेच खेळ का’ असं विचारणाऱ्यांना: नर्व्ह कंडक्शन फक्त जाड तंतू मोजते. आग होणं, सुया टोचणं हे काम बारीक तंतूंचं, ते त्या यंत्राला दिसतच नाहीत. साखर मधुमेहाच्या अलीकडे रेंगाळत असली तरी ते बिघडू शकतात.

सासूबाईंचं तेल चालेल. हलक्या हाताने लावलं तर कातडी मऊ राहते, भेगा पडत नाहीत, फक्त बोटांच्या बेचक्यात नको. शेक मात्र बंद. गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजलेला आणि सकाळी फोड बघून कळलेला मधुमेही मी दरवर्षी हिवाळ्यात बघते. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने बघायचं.

आता दिंडी. त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर चालायचं तर ज्या पायातून चप्पल निघालेली कळत नाही, त्या पायाला खडा, फोड, काटा काही कळणार नाही, आणि खरी अडचण ती आहे. निघण्याआधी डॉक्टरांनी तळपायाला स्पर्श तपासायची नायलॉनची काडी टेकवून कुठे कळतं, कुठे नाही ते बघू दे. आंघोळीत झोक जायचा थांबला, साखर आटोक्यात आली, तर थोडे टप्पे चाला, बाकीचे दिंडीच्या गाडीत बसून. चप्पल नको, अर्धा आकडा सैल असे बंद बूट आणि सुती मोजे. ते नवे असतील तर महिनाभर आधीपासून घरात घालून वापरा. घालण्याआधी बूट उलटा करून आपटायचा, आत हात घालून चाचपायचा. आणि रात्री मुक्कामाला पोचलात की हरिपाठ झाल्यावर शेजारच्या माउलीला बॅटरी लावून तळपाय बघायला सांगा. तुम्ही तिचे बघा. त्या वयाच्या बायकांत मधुमेह तिलाही असण्याची शक्यता बरीच आहे.